तिच्यासमोर कसं बोलू

मी काय काम करते असं कोणी विचारलं की माझी पंचाईत होते. अंगणवाडीत होते तेव्हा बरं होतं, एका शब्दात भागायचं. निवृत्त झाल्यावर जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थेसाठी जे करायला लागले त्याला धड नावच नाही. ज्या घरात जन्मापासून फार आजारी मूल आहे ते घर शोधायचं, ओटीवर बसायचं, चहा प्यायचा, आणि या मुलासाठी कुठून काय मदत मिळू शकते ते सांगायचं. व्यायाम कोण शिकवतं, मान न धरणाऱ्या मुलाला बसवायची खुर्ची कुठे मिळते, फिटचं औषध कुठल्या दवाखान्यात मिळतं, अपंगत्वाच्या दाखल्यासाठी कुठल्या वारी जायचं. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा म्हणजे कळेल.

एकदा आमचे हे चौलच्या आमच्या घराच्या पडवीत सुपारी सोलत बसले होते. मी दुपारभर फोनवर होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "तू लग्नं जुळवणारी झालीस. इकडच्यांना तिकडचं सांगायचं, तिकडच्यांना इकडचं, आणि दोघांच्याही शिव्या खायच्या." मी म्हटलं, तुम्ही सुपारी सोला. पण मनातून पटलं होतं. मदत देणाऱ्यांना वाटतं, गरज असेल तर येतील. घरच्यांना वाटतं, द्यायचं असेल तर येऊन विचारतील. दोघंही आपापल्या उंबऱ्यावर बसून राहतात आणि मधल्यामध्ये पोर मोठं होतं.

मागण्याची लाज हा तर आमच्या किनाऱ्याचा जुना आजार. उरणकडे एक घर होतं, पूर्वी मिठागरं, आता दारात दोन ट्रक. मुलगा दहा वर्षांचा, बसता न येणारा. बाप त्याला रोज उचलून ट्रकच्या केबिनमध्ये उशांच्या मधे ठेवायचा, कारण इंजिनाच्या घरघरीत पोर शांत राहायचं. खुर्चीचं नाव काढलं की म्हणायचा, "आमचे घरान मागायची रीत न्हाय, ताई." मी खूप समजावलं, हक्क वगैरे सांगितलं, काही उपयोग नाही. शेवटी वैतागून म्हटलं, "अहो, ती खुर्ची गोदामात पडून गंजतेय, आम्हाला जागा नाही, न्या एकदाची." तर दुसऱ्या दिवशी ट्रक घेऊन हजर. मागायची लाज, पण कोणाची अडचण दूर करायला हे सगळ्यात पुढे.

आता सांगायचं ते दिघीच्या पलीकडच्या एका घराबद्दल. चौलहून एसटीनं मुरूड, मग मिनीडोर रिक्षात दाटीवाटीनं आगरदांडा, तिथून फेरीबोटीनं खाडी ओलांडून दिघी, आणि पुढे रिक्षा. जाऊन यायला अख्खा दिवस जायचा. घर खाडीकाठी, नारळाच्या सावलीत. घरात दोघीच बायका आणि एक मुलगी. मुलीचे वडील कतारला नोकरीला, दोन वर्षांनी एकदा येणार. इथे मुलीची आई, आणि तिची सासू, जिला सगळी वाडी दादी म्हणायची. मीही दादीच म्हणायला लागले.

मुलगी सात वर्षांची होती, पण मांडीवर घेतली की तीन वर्षांची वाटायची. जन्मल्यावर ती रडली नव्हती. श्वास सुरू व्हायला जो वेळ गेला त्यात डोक्याला जे व्हायचं ते होऊन गेलं. मान धरत नव्हती, हातपाय ताठ, फिट यायच्या, आणि सगळ्यात वाईट म्हणजे गिळता येत नव्हतं. चमच्यानं पाजलेली पेज कधी पोटात जायची, कधी छातीत. मग न्यूमोनिया, मग फेरीबोट, मग दवाखाना. दवाखान्याच्या कागदांवर लिहिलेलं असायचं, मूल बोलण्याला प्रतिसाद देत नाही. आई म्हणायची, तिला सगळं कळतं. दोन्ही खरं असू शकतं असं मला वाटायचं. डोळे एवढे मोठे होते तिचे की पाहतानाच आपण गप्प व्हावं.

शेवटच्या खेपेला मोठ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पुढच्या वेळी ही वाचेल असं सांगता येत नाही. नळीनं भरवायला हवं, छातीतला कफ ओढून काढायचं मशीन घरी हवं, आणि सुरुवातीचे महिने नर्सनं घरी येऊन हे सगळं शिकवायला आणि बघायला हवं. ते जमणार नसेल तर पनवेलच्या पलीकडे अशा मुलांसाठी निवासी केंद्र आहे, तिथे ठेवा. वडिलांनी फोनवर ऐकलं आणि म्हणाले, "मग तिथंच ठेवू. तिथं जिवंत तरी राहील." त्यात त्यांचं काय चुकलं? लांब बसलेल्या माणसानं आणखी काय म्हणायचं? आईनं फोन ठेवला आणि मुलीच्या झबल्याचं बटण लावत बसली. तेच एक बटण ती पुन्हा पुन्हा लावत होती.

तर प्रश्न एवढाच होता. मशीन आणि नर्स घरी आली तर मुलगी घरी राहणार. नाही आली तर केंद्रात जाणार. आणि ते मिळवून द्यायचं काम माझं.

आमच्या संस्थेशी जोडलेलं एक पथक होतं, घरी जाऊन सेवा देणारं. पण नर्स मोजक्या, मशीनं मोजकी, म्हणून ज्याची गरज सगळ्यात मोठी त्याला आधी. ते ठरवायला एक डॉक्टरीणबाई घरी येऊन बघायच्या, आईशी बोलायच्या. कागदावर आजार कळतो, त्या म्हणायच्या, घरात दिवस कसा जातो ते कळत नाही, ते आईनंच सांगायला हवं. बाई चांगल्या होत्या. मी त्यांना घेऊन खाडी ओलांडली तेव्हा मला वाटलं, झालंच आपलं काम.

घरात पाऊल टाकलं आणि मी डोक्याला हात लावला. घर सारवल्यासारखं लख्ख. जाजम अंथरलेलं. मुलीला वडिलांनी पाठवलेला झालरीचा फ्रॉक घातलेला, डोळ्यांत सुरमा, केसांना क्लिप, अत्तराचा वास. ती शांत, स्वच्छ, चित्रातल्यासारखी आईच्या कुशीत. मला मागाहून कळलं की पाहुण्यांसमोर ठसका लागू नये म्हणून आईनं तिला सकाळपासून नीट भरवलंही नव्हतं, आणि आम्ही यायच्या आधी बोटाला फडकं गुंडाळून घशातला कफ काढून ठेवला होता. दादीनं तांदळाची सांदणं केली होती, नारळाच्या दुधाबरोबर. मुलगी दाखवायचा कार्यक्रमच मांडला होता म्हणा ना.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "खायला काय त्रास होतो?"

"न्हाय, खाते. पिते. शुकर हाय अल्लाचा."

"झोप?"

"निजते."

"फिट येतात का? किती वेळा?"

आईनं मुलीकडे पाहिलं. "येते कधी. पण बरी हाय आता. शुकर हाय."

मी तिला कोपरानं ढोसलं. तिनं मला सांदण वाढलं.

बाईंनी छाती तपासली. नुकतीच दवाखान्यातून आणलेली, औषधं चालू, त्यामुळे छातीही त्या दिवशी शहाण्यासारखी वागली. परतताना फेरीबोटीवर बाई म्हणाल्या, "किती छान सांभाळलंय हो त्यांनी. पण मला याच्याहून बिकट घरं माहीत आहेत." मी म्हटलं, "अहो, ती खोटं बोलतेय." त्या म्हणाल्या, "असेल. पण आईनं सांगितलेलं खोडून मी तुमचं कसं लिहू?" मी आगरदांड्याचा धक्का येईपर्यंत पाण्याकडे बघत उभी राहिले. राग एवढा आला होता की दिलेली सांदणंसुद्धा पिशवीत तशीच राहिली. घरी आल्यावर यांनी खाल्ली आणि कौतुक केलं, त्यानं आणखी भडका उडाला.

लग्नात मुलीचे गुण सांगायचे असतात. इथे उलटं. जिचं दुःख नीट सांगितलं जाईल तिला मदत मिळणार. हे नियम मी केले नाहीत, पण आहेत तसे आहेत. आठवडाभरानं मी एकटीच पुन्हा गेले, हे सगळं तिच्या डोक्यात भरायचं ठरवून.

दुपारची वेळ होती. आई मुलीला भरवत होती. मी ओटीवर बसून पाहत राहिले. भिंतीला पाठ लावून ती बसली होती, मुलगी छातीशी उभी धरलेली, डोकं डाव्या कोपरात. चमच्याच्या टोकावर थोडी पेज. ओठाला लावायची, थांबायचं, गळ्यावरून बोट फिरवायचं, घोट उतरला का पाहायचं, मग पुढचा. मधेच ठसका लागला. ओठांच्या कडा निळसर झाल्या. आईनं तिला पालथी घेतली, पाठीवर थापट्या दिल्या, बोट घालून घसा मोकळा केला, सरळ केली, चेहरा पुसला. तिच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. मग पुन्हा चमचा.

"हे का नाही सांगितलंस?" मी विचारलं. तिनं चमचा पुन्हा पेजेत बुडवला.

मी म्हटलं, "बरं, मी डॉक्टर. आता सांग. खायला काय त्रास होतो?"

ती लाजून हसली. "खाते ताई. शुकर हाय."

"अगं बाई, मी काय सून बघायला आलेय का?" माझा आवाज चढला. दादी आतून हसली. मी आणखीच पेटले. "असं तोंड मिटून बसलीस तर नेतील हिला पनवेलला. मागावं लागतं. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही."

तिनं चमचा वाटीत ठेवला. "ही तर रडलीच न्हाय ताई, जन्मली तवा," ती म्हणाली. "मी तरी पाजते."

मी जीभ चावली. जन्मभर वापरलेली म्हण, पण त्या घरात ती काढायची नव्हती. खाडीवर बोटीचं इंजिन वाजत होतं. मग आईच हळू आवाजात म्हणाली, "तिच्यासमोर कसं बोलू? तिला कळतं. आपल्याच अम्मीच्या तोंडून ऐकायचं तिनं, की माझ्यात हे न्हाय, ते न्हाय?"

दादी बाहेर येऊन खांबाला टेकून बसली. म्हणाली, "आन बोलायचं न्हाय असं, बाय. त्यानं दिलं त्याला नावं ठेवायची न्हाईत. नाशुक्री होते." म्हणजे देवाच्या देण्याबद्दल कृतघ्नपणा. कोणी कसं आहे विचारलं तर शुकर म्हणायचं, ताप असला तरी, घरात काही नसलं तरी. लहानपणापासून हीच सवय, तीच सुनेला लावलेली.

मी मोठ्या तावात उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. आमच्या घरी काय वेगळं होतं? माझी आई दिवेलागणीला कोणी "मरू दे" असं नुसतं म्हणालं तरी तोंडावर हात ठेवायची. वास्तू तथास्तू म्हणते, असं म्हणायची. घर ऐकतं आणि होकार देतं. म्हणून घरात पोराबद्दल वाईट बोलायचं नाही. माझी पोरं तापानं फणफणलेली असताना मी शेजारणीला "बरी आहेत" म्हणून सांगितलेलं आहे. मी कुठल्या तोंडानं हिला शहाणपण शिकवणार होते?

तरी काहीतरी करायला हवं होतं. मी म्हटलं, "दादी, एक सांगा. दुवा मागताना तुम्ही काय म्हणता? सगळं बरं आहे असं म्हणता?"

दादी बराच वेळ पायाची बोटं चोळत राहिली. म्हणाली, "न्हाय. तिथं खरं बोलते."

"मग ते मागणं झालं की तक्रार?"

"मागणं."

"मग डॉक्टरपुढे पण मागणंच आहे. तक्रार कोणाची करायची नाही. जे आहे ते सांगायचं आणि मागायचं."

दादीला ते पटलं की नाही कोण जाणे, पण तिनं सुनेकडे पाहून मान हलवली. त्या घरात त्या मान हलवण्याला वजन होतं. आई म्हणाली, "पन तिच्यासमोर न्हाय." मी म्हटलं, "तिला मी बाहेर घेऊन बसते. तू आत बोल." तेव्हा कुठे तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग मला जवळ बसवून तिनं मुलीला कसं धरायचं ते शिकवलं. डोकं इथं, पाठ ताठ, हनुवटी खाली घालायची नाही, फडकं खांद्यावर. पहिल्यांदा जमलं नाही. मुलगी ताठली आणि कण्हायला लागली. आईनं माझा हात थोडा वर सरकवला तशी ती सैल पडली. एवढंसं वजन, पण सगळा वेळ श्वास तपासत बसावा लागतो. माझ्या कपाळावर घाम आला.

डॉक्टरीणबाईंना पुन्हा यायला लावणं ही वेगळीच कहाणी. मी फोन करून करून त्यांच्या नाकी नऊ आणले. शेवटी त्या म्हणाल्या, "येते बाई, त्या बाजूला दुसऱ्या एका मुलाला बघायचंय तेव्हा येते. पण हे शेवटचं."

त्या दिवशी घरात अत्तर नव्हतं. मुलीच्या अंगात धुऊन विटलेलं झबलं होतं, खांद्यावर डाग. आईनं नेहमीच्या वेळी भरवलं होतं. दादीनं फक्त चहा ठेवला, आणि पाहुण्यांना नुसत्या चहावर बसवायचं तिला इतकं जड जात होतं की ती सारखी डब्यांकडे बघत होती. डॉक्टरीणबाई जाजमावर बसल्या. विचारलं, "सांगा, दिवस कसा जातो?"

आईच्या तोंडून शुकर बाहेर पडता पडता राहिलं. तिनं मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी उठले, शिकवलं होतं तसं मुलीला घेतलं, आणि बाहेर ओटीवर जाऊन बसले, दाराकडे पाठ करून.

आधी काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं, गेलं, आजही गेलं. मग आवाज आला, इतका बारीक की शब्द कळत नव्हते. हळूहळू कळायला लागले. ती भरवण्याबद्दल सांगत होती, ओठ निळे पडतात त्याबद्दल. सांगत होती की मुलीला आडवं निजवलं की ती गुदमरते, म्हणून ही भिंतीला टेकून बसते आणि तिला छातीशी उभी धरून झोपते, ओढणीचं टोक तिच्या मनगटाला बांधून, फिट आली तर झटक्यानं जाग यावी म्हणून. सख्ख्या भावाचं लग्न मुरूडला झालं, ते तिनं फोनवर पाहिलं. आणि बोटीत एकदा, खाडीच्या मध्यावर, पोर श्वासच घेईना, तेव्हा काय झालं ते. मी दोन वर्षं त्या घरी जात होते. भरवण्याचं सोडलं तर यातलं मला काहीसुद्धा माहीत नव्हतं.

आवाज आता बारीक राहिला नव्हता. ओटीपर्यंत स्वच्छ येत होता, आणि मुलीचे डोळे दाराकडे वळले. मला घाबरायला झालं. मी दोन्ही हातांत तिला सावरत एका तळव्यानं तिचा एक कान झाकला, दुसरा माझ्या छातीशी दाबला, आणि तिच्याशी बोलायला लागले. काय बोलावं ते सुचेना. आमच्या नारळ-सुपारीच्या वाडीत माकडं येतात ते सांगायला लागले. आमचे हे गलोल घेऊन धावतात आणि माकडं झाडावरून यांच्याच अंगावर शहाळी टाकतात, एकदा तर यांची टोपी पळवली आणि माकडाच्या म्होरक्यानं ती घालून सगळी सकाळ काढली. मी जोरजोरात सांगत होते. रस्त्यानं जाणारा एक मासेवाला सायकल थांबवून बघायला लागला, ही बाई कोणाशी भांडतेय म्हणून.

माझे कान मात्र मोकळे होते. आत आई म्हणत होती, "एकदा मी मागलं. ती खूप तडफडत होती. मी म्हटलं, ने तिला, सोडव. लगेच तोंड दाबलं माझं मी. पन बोलून गेले होते. तवापासून मी वाईट काय बोलतच न्हाय. भीती वाटते, ऐकलं असंल, आन उशिरा देईल."

मी माकडांचं सांगायची थांबले.

मग दादीचा आवाज आला, म्हातारा, सावकाश. "मी बी मागलं व्हतं. तुझ्या आधी. तिचे हाल सरावे म्हणून बी आन तुझे बी. सांगितलं न्हाय."

एका घरात, एका भिंतीला टेकून त्या दोघी सात वर्षं झोपत होत्या. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही, आवरायचं कशाला. फक्त मुलीच्या तोंडावर थेंब पडू नयेत म्हणून मान बाजूला केली. ती माझ्याकडे बघत होती की माझ्या पलीकडे, सांगता येत नाही. तिचा श्वास घरघरत होता, पण लयीत होता. मी पुन्हा सुरू केलं, माकडांचं, आता हळू आवाजात, कारण आतून आता शब्द येत नव्हते, नुसतं दोन बायकांचं रडणं येत होतं.

मग आई बाहेर आली. डोळे सुजलेले, ओढणी चुरगळलेली. तिनं मुलीला माझ्याकडून घेतलं, खांद्यावर टाकलं, फडक्यानं तिची लाळ पुसली. दम लागल्यासारखी उभी राहिली. मला वाटलं, आता विचारेल, काय ठरलं, मिळणार का. तिनं माझ्या तोंडाजवळ तोंड आणून विचारलं, "ऐकलं तिनं?"

"नाही," मी म्हटलं. "मी तिला आमच्या वाडीतल्या माकडांचं सांगत होते. ती तेच ऐकत होती."

"नक्की?"

"अगं, नक्की. मी काय इतकी हळू बोलते का कधी?"

तिनं डोळे मिटले आणि मुलीच्या कानावर गाल टेकवला. तिच्या मागे उंबऱ्यात डॉक्टरीणबाई उभ्या होत्या, नर्स मशीन घेऊन सोमवारपासून येईल हे सांगायला, आणि आमचं दोघींचं होईपर्यंत थांबल्या होत्या.